नळाचं फडकं

आई गावाहून आली की आधी स्वयंपाकघरात शिरते, हे नेहमीचंच, पण यावेळी ती ओट्यासमोर उभी राहून नुसती नळाकडे बघत होती आणि मग म्हणाली, "अगं, उघडाच ठेवलायस की हा." मला दोन मिनिटं कळेचना काय उघडं राहिलंय, गॅस बघितला, दुधाचं पातेलं बघितलं. मग ट्यूब पेटली. नळाला फडकं नव्हतं.

तालुक्याच्या गावात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पांढरं सुती फडकं, बहुतेक आजीच्या लुगड्याचा नाहीतर बाबांच्या धोतराचा तुकडा, तोटीला सुतळीने आवळून बांधलेला आणि पाणी आलं की त्याचा फुगा व्हायचा. दोन दिवसांत ते फडकं चहाच्या रंगाचं व्हायचं, पावसाळ्यात एकाच दिवसात. सोडून उलटं केलं की आत गंजाचे कपचे, बारीक वाळू, शेवाळ्याचा एखादा धागा आणि एकदा तर चक्क जिवंत अळी निघाली होती, जी मी काडेपेटीत घालून शाळेत नेली. फडकं म्हणजे पाण्याचं गाळणं हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की लहानपणी पुण्याला मावशीकडे आल्यावर बसच्या कंडक्टरने "फडके हौद" अशी हाळी दिली तेव्हा मला खरंच वाटलं की या गावात एवढा मोठा हौद आहे आणि त्याच्या तोटीलासुद्धा फडकं बांधतात. मावशी अजून प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगते.

हौदाची गंमत मला नंतर कळली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळाने, कुठलाही पंप नसताना, नुसत्या उतारावर थेट पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं होतं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले, म्हणजे हवा बाहेर पडायला आणि गाळ खाली बसायला जागा. म्हणजे पाण्यातला गाळ हा आपल्या लोकांचा फार जुना शत्रू, त्याच्याशी लढायला उच्छ्वास झाले, तुरटी झाली, निवळीच्या बिया झाल्या, फडकं झालं. डोळ्यांना दिसतो ना तो.

आमच्या गावाला पाणी एक दिवसाआड, तेही सकाळी पाऊण तास. पाणी सोडायला एक नाना होते, खांद्यावर लांबलचक टी आकाराची लोखंडी चावी टाकून सायकलवरून यायचे, रस्त्यातल्या खड्ड्यात चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचे आणि अख्खी गल्ली "आलं, आलं" करत बादल्या घेऊन पळायची. पहिलं पाणी कुणी भरायचं नाही. ते गढूळ यायचं, त्याला गटारासारखा वास यायचा, ते झाडांना नाहीतर अंगणात. आजी म्हणायची पाइपात झोपलेलं पाणी आहे ते, जागं होईपर्यंत थांबा.

आता कळतं की ते नुसतं झोपलेलं नसायचं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आतला दाब जातो आणि पाइपाला जिथे भोक असेल, सांधा सैल असेल तिथून बाहेरचा ओलावा आत शिरतो. आणि पाइप कुठून जायचा, तर गटारातून. अक्षरशः. आमच्या दारासमोरच्या गटारात वाकून बघितलं की घराघरांची कनेक्शनं वेलीसारखी लोंबलेली दिसायची. त्यात शेजारच्यांनी लाइनवर डायरेक्ट मोटर लावलेली. मोटर लावली की शेजाऱ्याचं पाणी पळतं म्हणून रोज भांडणं व्हायची, पण मोटर फक्त पाणी ओढत नाही, फुटक्या सांध्यातून जे मिळेल ते सगळं ओढते, यावर कधी कुणी भांडल्याचं मला आठवत नाही.

भांडण व्हायचं ते वासावर. "नाना, आज पाण्याला पावडरीचा वास मारतोय, चहा फुकट गेला." पावडर म्हणजे टीसीएल, ब्लीचिंग पावडर. नाना बिचारे काही बोलायचे नाहीत, खिशातून काचेची बारकी नळी काढायचे, नळाचं पाणी भरायचे, त्यात बाटलीतले दोन-चार थेंब टाकायचे आणि उजेडात धरायचे. पाणी पिवळं झालं की मान हलवून पुढच्या गल्लीत. याला ओटी टेस्ट म्हणतात आणि पिवळं म्हणजे पावडरीतला क्लोरीन पाण्यात अजून शिल्लक आहे, हे मला कॉलेजात कळलं, तोवर मला ती नानांची जादू वाटायची. ज्या दिवशी पाणी पिवळं व्हायचं नाही त्या दिवशी नाना सायकल उलटी फिरवून टाकीकडे जायचे. त्या दिवशी चहा मात्र झकास व्हायचा, कुणाचीच तक्रार नसायची.

हे मला फार उशिरा उमगलं, की ज्या दिवशी आम्ही खूश असायचो त्या दिवशी नाना घाबरलेले असायचे.

नळाला पोचलेल्या पाण्यातसुद्धा लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे असं आपलं भारतीय मानक सांगतं. शिल्लक हा शब्द महत्त्वाचा. टाकीत कितीही टाका, पाणी गढूळ असेल तर तो गाळातली घाण मारण्यातच खर्च होतो, वाटेत गटाराचं पाणी शिरलं तर तिथे खर्च होतो, आणि तुमच्या नळापर्यंत नुसतं नितळ, गोड, बिनवासाचं पाणी येतं. म्हणजे रोज येणारा तो हलका वास एकदम गायब झाला तर खरं तर विचारायला पाहिजे की बाबा, तो वाटेत कुणाशी लढून संपला.

पुण्यात राहायला आले तेव्हा मात्र मी हे सगळं विसरले. पुण्याचं पाणी! नातेवाईक इथून जाताना बाटल्या भरून न्यायचे, पुण्याच्या पाण्याने केस चांगले राहतात म्हणायचे, वरण लवकर शिजतं म्हणायचे, आणि वरणाचं खरं आहे, धरणाच्या मऊ पाण्यात डाळ शिजतेच लवकर. खडकवासला 1879 चं, मग पानशेत, वरसगाव, टेमघर, चारी मिळून 29 टीएमसीच्या, म्हणजे 29 अब्ज घनफुटांच्या आसपास. जुलै आला की इथे रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे एकमेकांना धरण किती टक्के भरलं विचारतात, चारी धरणांची साखळी मिळून किती झाली, विसर्ग किती क्युसेक. पाणी किती आहे हे पुणेकराला तोंडपाठ. पाणी कसं आहे हे विचारायची वेळ सहसा येत नाही.

मध्ये एक सेल्समन आला होता. टाय वगैरे, बूट दाराबाहेर काढून आला, फार सभ्य मुलगा. त्याने दोन ग्लास मागितले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं, आणि दोन्हीत लोखंडी सळया असलेलं एक यंत्र बुडवून स्विच लावला. मिनिटभरात आमचं पाणी हिरवट, मग तपकिरी, मग अगदी बघवेना असं झालं आणि त्याचं पाणी तसंच स्वच्छ. "मॅडम, हे तुम्ही मुलांना पाजता." मी तर जवळजवळ चेक फाडला होता. नवरा आतून आला आणि म्हणाला ती घाण पाण्यातली नाही, तुझ्या सळईचं लोखंड आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज जाते आणि सळई झिजून पाण्यात उतरते, आरओच्या पाण्यात क्षारच उरत नाहीत तर वीज जाणार कशी. पोरगा हसला, म्हणाला सर सायन्सवाले दिसताय. चहा घेऊन गेला. आमच्या नळाचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, तेव्हा 70 की 80 निघाला होता, आणि 500 च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा असं हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलेलं. तरी आमच्या मजल्यावर चारपैकी तीन घरांत आरओ आहे. चौथं आमचं, आमच्याकडे कॅंडलचा फिल्टर, तोसुद्धा सासूबाईंनी दिलेला.

मग आला 2025 चा जानेवारी. आम्ही राहतो सिंहगड रोडच्या त्याच पट्ट्यात, धायरी, किरकटवाडी, नांदेडगाव ही नावं रोज टीव्हीवर. जीबीएस, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम, हा शब्द त्याआधी ऐकलाही नव्हता. आधी जुलाब, आणि मग आठ-दहा दिवसांनी माणसाचे पाय उचलेनासे होतात, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जंतू सापडला, नांदेडगावच्या विहिरीची चर्चा सुरू झाली, आणि आमचा सोसायटीचा ग्रुप, जो एरवी पार्किंगवरून पेटतो, तो एकदम शांत. रात्री अकराला कुणीतरी विचारलं, आपली खालची टाकी शेवटची कधी धुतली. उत्तर कुणाकडेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर टाकी बरी होती, पण ड्रेनेजचं चेंबर तिच्यापासून चार फुटांवर. चार फूट! बारा वर्षं आम्ही त्यावरून चालत होतो.

तेव्हापासून पाणी उकळतेय. चांगली खळखळून उकळी फुटली की एक मिनिटभर ठेवायचं, बास, उगाच वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. आणि मी पण ओटीची बाटली आणून ठेवली, रविवारी सकाळी नळी भरून उजेडात धरते. टेस्ट केलेलं पाणी फेकून द्यायचं बरं का, ते औषध पोटात जाता कामा नये. फिका पिवळा आला की मी आपोआप नानांसारखी मान हलवते, मुलं हसतात.

तर आई. तिला मी हे सगळं ऐकवलं, की आई, फडक्याने दिसणारा कचरा अडतो, न दिसणारा जंतू फडक्याच्या भोकातून बैलगाडी जावी तसा जातो, आणि आठवडाभर न धुतलेलं ओलं फडकं तर जंतूंचं घरच. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "मग आम्ही काय येड्या होतो का?"

आता मी प्रामाणिक बाई आहे. त्या रात्री शोधत बसले तर बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागातला एक अभ्यास सापडला, 2003 चा, अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांच्या टीमचा. तिथल्या बायकांना तळ्या-नद्यांचं पाणी जुन्या साडीच्या निदान चार घड्या करून गाळायला सांगितलं तर पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं प्रमाण 48 टक्क्यांनी कमी झालं. कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव घडीत अडकतात. आणि साडी जुनीच हवी, धुऊन धुऊन धागे फुगतात आणि भोकं बारीक होतात. सुट्या जंतूंना, कॅम्पिलोबॅक्टरला वगैरे, याचा उपयोग नाही, पण तरी. सकाळी आईला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलंसुद्धा नाही, "चार घड्या" इथेच उठली आणि माझ्या कपाटातून एक जुना कॉटनचा दुपट्टा काढून टर्रकन फाडला. मला आवडायचा तो.

आता आमच्या नळाला चारपदरी फडकं आहे. दर दोन दिवसांनी उकळत्या पाण्यात टाकून उन्हात वाळवायचं ही माझी अट, ती तिने मान्य केलीय, दोन फडकी आलटून पालटून. परवा पाणी आलं तेव्हा तिने फडकं उलटं करून मला बोलावलं, आत गंजाचे चार कपचे होते. "बघ," म्हणाली. मी ओटीची नळी भरत होते. ती उजेडात धरली तर तिने पाणी हुंगलं आणि म्हणाली, "शी, पावडरीचा वास येतोय, याचा चहा नको करू."