जुन्या कॅसेटी, रुंद टीव्ही

पेनड्राइव्हवरच्या व्हिडिओला टीव्हीवर काळ्या पट्ट्या आल्या की घरातला प्रत्येक जण एकच सल्ला देतो: रिमोटवरून फुल स्क्रीन कर. आमच्याकडे ते आधीच करून झालं होतं, आणि जुन्या कॅसेटवरून फाइल करून घेतलेल्या ताईच्या लग्नातली सगळी मंडळी आडवी सुटली होती. मामा म्हणाले, "मी तवा चांगला सडपातळ होतो की रे! तुझा टीव्ही फुगवून दाखवायलाय."

मामांचं म्हणणं तपासायला कार्यालयाच्या भिंतीवरचं गोल घड्याळ उपयोगी पडलं. शॉट अगदी समोरून घेतलेला. चित्र थांबवलं आणि आईच्या शिवणकामाच्या टेपने पडद्यावरच मोजलं. रुंदी १२ सेंटिमीटर, उंची ९. भागाकार १.३३. टीव्हीच्या १६:९ ला (रुंदी १६ तर उंची ९) कॅसेटच्या ४:३ ने भागलं तरी १.३३ च येतं. म्हणजे फाइल चांगली होती, टीव्ही तिला ताणत होता. सेटिंगमध्ये पिक्चर साइज 'फुल'वरून 'ओरिजिनल' केला, घड्याळ गोल झालं. (कुठल्या टीव्हीत याला 'ऑटो' म्हणतात, कुठल्यात सरळ '४:३'.) दोन्ही बाजूंना पट्ट्या आल्या, पण त्या यायलाच हव्यात. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ४:३ चं चित्र १४४० रुंद बसतं, डावीउजवीकडे २४०-२४० उरतात.

मामांना पट्ट्या नकोच होत्या, म्हणून 'झूम' लावून दाखवला. झूममध्ये कोणी जाड होत नाही, फक्त वरून-खालून मिळून पाव चित्र कापलं जातं. कॅसेटच्या चित्रातल्या ५७६ आडव्या ओळींतल्या ४३२ च राहतात. लग्नात खालची नावांची पाटी गेली, ते चाललं असतं. पण पुढची फाइल सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेची, म्हणजे गड्ड्याची होती. नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची मिरवणूक चाललेली आणि एकाही नंदीध्वजाचा शेंडा दिसेना! आई म्हणाली, "राहू दे बाबा त्या पट्ट्या." जुन्या ४:३ चित्रासाठी माझंही मत तेच.

खरं काम निघालं नंतरच्या एका वर्षाच्या गड्ड्यात. होम मैदानावरचा आकाशपाळणा अंड्यासारखा उभट, माणसं काडीसारखी. टीव्हीचं सेटिंग तर बरोबर होतं. काकांचा तो मिनीडीव्ही कॅमेरा रुंद मोडवर ठेवलेला असायचा. असा कॅमेरा रुंद दृश्य आडवं दाबून त्याच ७२० बाय ५७६ च्या चौकटीत भरतो, आणि दाखवताना ते पुन्हा १०२४ बाय ५७६ इतकं पसरायचं असतं. किती पसरायचं याची नोंद फाइलमध्ये असते. कॅसेटी फाइलमध्ये करून देणाऱ्याने सगळ्यांना सरसकट ४:३ ची नोंद लावून टाकली होती.

यासाठी व्हिडिओ पुन्हा एन्कोड करायची, म्हणजे सगळं चित्र नव्याने बनवायची अजिबात गरज नाही, आणि हे कोणी लवकर सांगत नाही. आधी लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'ए' हे बटण दाबत १६:९ वर आणलं. पाळणा गोल झाला, म्हणजे निदान पक्कं. पण व्हीएलसीतला बदल फाइलमध्ये उतरत नाही. म्हणून एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली, व्हिडिओ ट्रॅक निवडला, आस्पेक्ट रेशोच्या (रुंदी-उंचीच्या प्रमाणाच्या) रकान्यात १६/९ लिहिलं आणि नवी एमकेव्ही फाइल काढली. चहा उकळेपर्यंत झालीसुद्धा. चित्राला धक्का नाही, फक्त नोंद बदलली. आमच्या टीव्हीने ती मानली. काही टीव्ही मानत नाहीत, तिथे मात्र एन्कोडिंगला पर्याय नाही.

चुलतभावाच्या साखरपुड्याला तर चारही बाजूंनी काळं. रुंद शूटिंग ४:३ च्या चौकटीत बसवताना वर-खाली पट्ट्या चित्रातच भाजून टाकलेल्या, त्यात टीव्हीने बाजूच्या पट्ट्यांची भर घातली. इथे झूम चालतो, कारण कापलं जातं ते काळंच. पण दर वेळी रिमोट कोण हुडकणार? म्हणून हँडब्रेक या एन्कोड करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप (किती कापायचं ते) हाताने भरला, वर ७२, खाली ७२ ओळी. आपोआप क्रॉपवर मी फार विसंबत नाही, काळोखे शॉट जास्त असले की ते फसू शकतं. ७२० बाय ४३२ उरलं आणि तेच पसरून ७६८ बाय ४३२, म्हणजे बरोबर १६:९. लगे हात डीइंटरलेसही केलं (एकाआड एक ओळींत टिपलेलं चित्र एकसंध केलं), हात हलला की दिसणाऱ्या दातेरी रेघा गेल्या. याला मात्र वेळ लागतो, जुना लॅपटॉप बराच तापला.

मोबाइलवर उभे काढलेले व्हिडिओ मी तसेच ठेवले. फुल एचडी पडद्यावर ते जेमतेम ६०८ पिक्सेल रुंद दिसतात, एक तृतीयांशही नाही. त्याला इलाज नाही, फोन आडवा धरा.

शेवटची अडचण पेनड्राइव्हची. आमच्या टीव्हीला फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह समजतो आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या आतच लागते. लग्नाची फाइल त्याहून मोठी. एमकेव्हीटूलनिक्समध्येच तुकडे करायची सोय आहे. वेळ टाकून मंगलाष्टकं संपतात तिथे तोडली. दुसरा भाग थेट जेवणाच्या पंगतीपासून सुरू होतो, आणि मामा हल्ली तोच लावायला सांगतात.