बोटाखालून निसटणारी कविता

रूपी कौरची एखादी कविता वाचून व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ लोकांनी ती कविता आहे की नाही यावर भांडण्यात घालवला आहे. १९९२ मध्ये पंजाबात जन्मलेली आणि लहानपणीच कॅनडात गेलेली ही कवयित्री आधी टंब्लर या ब्लॉगच्या संकेतस्थळावर आणि मग इन्स्टाग्रामवर चार-सहा ओळींच्या इंग्रजी कविता, सोबत स्वतःच काढलेली साधी रेखाचित्रे, अशा जोडीने लिहीत राहिली. २०१४ मध्ये तिने ‘मिल्क अँड हनी’ हा संग्रह पदरमोड करून काढला, पुढच्याच वर्षी एका प्रकाशनसंस्थेने तो हाती घेतला आणि पाहता पाहता त्याच्या लाखो प्रती खपल्या. कवितासंग्रह म्हणजे धूळ खात पडणारे पुस्तक, ही प्रकाशकांची पक्की समजूत त्यामुळे हादरली.

तिचे नाव सर्वदूर गेले ते मात्र एका छायाचित्राने. मार्च २०१५ मध्ये तिने टाकलेल्या त्या छायाचित्रात पलंगावर पाठमोरी झोपलेली, अंगभर कपडे घातलेली स्त्री आहे आणि तिच्या विजारीवर व चादरीवर पाळीच्या रक्ताचा डाग आहे. इन्स्टाग्रामने ते दोनदा काढून टाकले, तिने जाहीर जाब विचारला आणि अखेर कंपनीला माफी मागावी लागली. उघड्यावाघड्या देहांनी ओसंडणाऱ्या त्या जागी एवढासा डाग खुपावा, ही विसंगती तिने अचूक हेरली होती; आणि माझ्या मते तिच्या बऱ्याच कवितांपेक्षा ते छायाचित्रच अधिक काव्यमय आहे.

टीकाकारांनी तिला फारशी दयामाया दाखवली नाही. दुसऱ्या एका कवयित्रीच्या शैलीशी तिचे साम्य फार आहे, असे आक्षेप निघाले. २०१७ मध्ये तर तिच्या धाटणीचे विडंबनही पुस्तकरूपाने खपले. कोणतेही साधे वाक्य मध्येच मोडून ओळींत मांडले की तिची कविता होते, ही त्यातली थट्टा बोचरी असली तरी पुष्कळशी खरी आहे. तिचे इंग्रजी लेखन मोठी (कॅपिटल) अक्षरे टाळते आणि पूर्णविरामाखेरीज दुसरे विरामचिन्ह वापरत नाही, यालाही काहींनी नखरा ठरवले. पंजाबीच्या गुरुमुखी लिपीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही आणि त्या लिपीचा मान म्हणून आपण असे लिहितो, असे ती सांगते. देवनागरीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटायला अवघड जाऊ नये.

माझी तक्रार वेगळी आहे. तिची ओळ पहिल्या वाचनातच सगळी हाती येते आणि दुसऱ्या वाचनासाठी काही शिल्लक ठेवत नाही. पडद्यावर बोट सरकवत वाचणाऱ्याला मात्र नेमके तेच हवे असते. रंगमंचावर ती याच ओळी म्हणते तेव्हा मध्ये थांबते, शब्द रेंगाळू देते आणि त्या थोड्या भरीव वाटू लागतात. त्यामुळे तिच्या कविता वाचण्यापेक्षा ऐकाव्यात, असे मी सुचवीन. निदान तिथे बोटाला काही काम नसते.