कार्बनच्या नळ्या की ॲल्युमिनियमच्या : दहा इंची दुर्बिणीच्या सांगाड्याची मे महिन्याची नोंद

माझ्या दहा इंची, एफ/५ (म्हणजे फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या पाचपट असलेल्या) दुर्बिणीचा, खालचा आरसा आणि वरची नेत्रिका यांच्यातले अंतर धरून ठेवणारा आठ नळ्यांचा सांगाडा बदलायचा, असे मी दिवाळीत ठरवले होते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात ती शेतापर्यंत धुऱ्यावरून उचलून न्यावी लागते, त्यामुळे वाचलेला प्रत्येक किलो मोलाचा आहे.

२५ मिलिमीटर बाह्य व्यासाची आणि दीड मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची नळी मीटरला सुमारे ३०० ग्रॅम भरते, तर त्याच मापाची कार्बन फायबरची नळी १८० ग्रॅमच्या आत बसते. म्हणजे आठ नळ्यांत जवळजवळ एक किलो वाचतो. ताठपणातला फरक मात्र माझ्या अपेक्षेएवढा निघाला नाही. ९० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन ठोकळ्यांवर नळी ठेवून मधोमध पाच किलोचे वजन टांगले, तेव्हा डायल गेजवर ॲल्युमिनियम १.४ मिलिमीटर वाकले आणि कार्बन १.२. माझी नळी कापड गुंडाळून केलेली असल्याने तिच्यातले बरेच धागे आडवे जातात आणि वाकण्याला फारसा विरोध करत नाहीत. सगळे धागे लांबीत असलेली नळी याहून बरीच ताठ असते, पण चिमट्यात जास्त आवळली की ती उभी चिरते. ताठपणाच हवा असेल तर आधी व्यास वाढवावा, कारण जाडी तीच ठेवली तरी तो साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

कार्बनचा खरा लाभ मला तापमानात दिसला. मे महिन्यात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पारा १५ अंशांनी उतरला, तर एक मीटर ॲल्युमिनियम साधारण ०.३५ मिलिमीटर आखडते. एफ/५ ला फोकसची सूट, म्हणजे प्रतिमा धूसर न होता चालणारा फरक, मात्र जेमतेम ०.०३ मिलिमीटर इकडे-तिकडे. दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पाहताना सारखा फोकस फिरवावा लागे, तो त्रास आता जवळपास संपला आहे.

घात झाला तो सांध्यात. नळ्यांच्या टोकांत बुचे चिकटवायला वापरलेले, साध्या तापमानाला घट्ट होणारे इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा गोंद) ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि टिनाच्या खोलीत दुपारी ठेवलेल्या दोन नळ्यांमधले, लेथवर करून घेतलेले ॲल्युमिनियमचे बूच हाताने फिरू लागले. सगळी बुचे काढली. नळीचे तोंड आतून पॉलिश पेपरने ओले ठेवून घासले, कारण कार्बनची धूळ छातीत जाणे वाईट. मास्कही लावला होता. बुचावर काचकापडाचा एक पातळ थर दिला, कारण कार्बन आणि ॲल्युमिनियम थेट भिडले की पावसाळ्याच्या ओलीत ॲल्युमिनियम कुरतडले जाते. मग जास्त उष्णता सोसणारे इपॉक्सी भरून, बल्ब लावलेल्या पेटीत नळ्या ८० अंशांवर चार तास शेकल्या.

आठपैकी पाच झाल्या आहेत. बूच आणि नळी यांच्यावरून पेन्सिलीची एकच सरळ रेघ ओढून त्या आज दुपारी त्याच टिनाखाली ठेवल्या आहेत, म्हणजे बूच केसभर जरी सरकले तरी रेघ तुटलेली दिसेल.