पाच वेळा चुकलेलं नाव

नायगारा पाहिला, ओला झालो. त्याबद्दल एवढंच. बाकीचं तुम्ही इतरांच्या ब्लॉगवर शंभरदा वाचलेलं असणार. मला लिहायचंय ते टोरांटोतल्या एका जुन्या बँकेबद्दल, जिथे आता बँक नाही.

आमचे जावई मूळचे नाशिकचे. पण टोरांटोजवळ बारा वर्षं काढल्यावर ते तिथल्या मेपल लीफ्स संघाचे कट्टर भक्त झालेत. तिकडे हॉकी म्हणजे बर्फावरचीच. आपली मैदानावरची म्हणायची असेल तर तुम्हालाच खुलासा करावा लागतो. या लीफ्सनी शेवटचा स्टॅन्ले कप, म्हणजे तिकडच्या हॉकीतला सर्वांत मोठा करंडक, जिंकला १९६७ साली. त्यानंतर एकदाही नाही. तरी जावई दर वर्षी ऑक्टोबरात निळी जर्सी चढवून टीव्हीसमोर बसतात आणि वसंत ऋतू आला की घरात सुतक असल्यासारखे वावरतात. "बाबा, रविवारी हॉकी हॉल ऑफ फेम बघू," म्हणाले. जावयाला नाही कोण म्हणतं? सौ.ने विणकामाची पिशवी बरोबर घेतली. यावरून तिचा उत्साह कळावा.

यंग स्ट्रीट आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर या हॉकी-संग्रहालयाची दगडी इमारत आहे. १८८५ साली बांधलेली, बँक ऑफ मॉन्ट्रियलची शाखा. खांब, नक्षी, सगळं देखणं. आणि आत जायचा रस्ता? शेजारच्या टॉवरच्या तळमजल्याखालून, खाण्याच्या दुकानांच्या घमघमाटातून. इतकं सुंदर दर्शनी दार असताना माणसाला मागच्या दाराने आत घेण्याची अक्कल कुणाची, ते मला अजून कळलेलं नाही. तिकिटाचे डॉलर मनात रुपयांत केले आणि गप्प बसलो.

खालच्या मजल्यावर पोरांचा नुसता गोंगाट. काठ्या, मुखवटे, कुठे खोट्या गोलीसमोर, म्हणजे गोलरक्षकासमोर, गोल मारण्याचा खेळ. मी वैतागलो होतो. पण जिना चढून वरच्या मोठ्या दालनात गेलो आणि बोलणंच बंद झालं. वर रंगीत काचांचा उंच घुमट आणि खाली काचेच्या कपाटांतून ठेवलेल्या चांदीच्या ट्रॉफ्या. चौतीस वर्षं मिरज-सांगलीच्या शाखांतून काढलेला माणूस मी. ट्रॉफ्यांकडे बघायच्या आधी मनात मांडणी सुरू झाली: काउंटर इथे असणार, कॅशियरचा पिंजरा तिथे, मॅनेजरची केबिन त्या कोपऱ्यात. इथे एका कॅशियर बाईचं भूत फिरतं असंही म्हणतात. मार्चअखेरीस काम केलेल्या कुणालाही त्याचं नवल वाटणार नाही.

दालनाच्या मध्यावर तो कप. रांग लागलेली. आमच्या पुढचं कुटुंब फोटो काढता काढता थकेना. आजीसह सहा जणांचे सहा कोन झाले. हात लावायला परवानगी आहे, तरी जावयांनी लावला नाही. जो खेळाडू कप जिंकण्याआधी त्याला शिवतो त्याला तो कधीच मिळत नाही, असा समज आहे म्हणे. "पण तुम्ही कुठे खेळता?" असं सौ.ने विचारलं. ते ओशाळून हसले, पण हात काही खिशाबाहेर आला नाही. सौ.ने मात्र बोट फिरवून पाहिलं आणि "रोज घासत असणार" एवढाच शेरा दिला.

आपल्याकडे गणेशोत्सवात जी फिरती ढाल असते ना, अगदी तोच प्रकार. कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ साली दहा गिनींना एक वाडगा घेऊन दिला, १८९३ पासून तो विजेत्यांकडे फिरू लागला. पुढे नावं कोरायला जागा पुरेना म्हणून खाली पट्ट्या जोडत गेले. आता तो जवळजवळ तीन फूट उंच आणि साडेपंधरा किलो वजनाचा आहे. प्रत्येक पट्टीवर साधारण तेरा विजेते. सगळ्या पट्ट्या भरल्या की सर्वांत वरची, जुनी पट्टी काढतात, बाकीच्या वर सरकवतात आणि खाली कोरी जोडतात. लेजर भरलं की नवं लेजर. हिशेब मला लगेच समजला.

आता गंमत अशी, की लीफ्सच्या गावात, लीफ्सच्या भक्ताबरोबर उभा असताना माझी नजर जाईल तिथे नाव एकाच संघाचं: मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. म्हणजे जावयांच्या जन्माच्या वैऱ्यांचं. संघ १९०९ चा, म्हणजे ज्या लीगमध्ये तो खेळतो त्या लीगपेक्षा आठ वर्षांनी थोरला. स्टॅन्ले कप २४. लीफ्सचे १३. जावयांनी हे आकडे मला सांगितले ते आवाज उतरवून, पण प्रामाणिकपणे. वर "१९९३ नंतर त्यांनाही नाही मिळालेला" हे मात्र दोनदा.

कपाटात व्हेझिना ट्रॉफी होती, सर्वोत्तम गोलरक्षकाची. जॉर्ज व्हेझिना हा कॅनेडियन्सचाच गोली. इतका थंड डोक्याचा की त्याच्या गावावरून त्याला 'शिकूतिमीची काकडी' म्हणत. १९१० पासून त्याने एकही सामना चुकवला नव्हता. २८ नोव्हेंबर १९२५ ला अंगात ताप घेऊन उतरला आणि पहिल्या सत्रानंतर त्याला खेळणं थांबवावं लागलं. निदान क्षयाचं निघालं. चार महिन्यांत गेला. संघाच्या मालकांनी त्याच्या नावाने ही ट्रॉफी लीगला दिली. आम्ही मिरजेची माणसं. क्षय म्हटलं की वान्लेसवाडीचं सॅनेटोरियम डोळ्यांपुढे येतं, आणि मिरजेत मिशनचा दवाखाना उभा करणारे डॉक्टर वान्लेस मूळचे कॅनडाचेच. त्या कपाटापुढे मी जरा जास्त वेळ थांबलो.

कपावर १९१९ साली विजेत्याच्या जागी दोन संघांची नावं आहेत आणि पुढे अशी नोंद, की मालिका पूर्ण झाली नाही. कॅनेडियन्स अंतिम सामन्यांसाठी सिएटलला गेले होते. खेळाडू तापाने फणफणले, सामने थांबवले, आणि त्यांचा एक खेळाडू, जो हॉल, तिथल्याच इस्पितळात वारला. माझी आजी जिला मानमोडी म्हणायची, तीच इन्फ्लुएंझाची साथ.

पण मी हे सगळं लिहायला बसलो ते तिजोरीमुळे.

दालनाच्या एका बाजूला बँकेची जुनी तिजोरीची खोली आहे. दार आमच्या स्ट्राँगरूमसारखंच, हातभर जाड. आत मूळचा वाडगा आहे. वीतभरही उंच नाही. सौ. म्हणाली, "आपलं पुरणाचं पातेलं याहून मोठं आहे." आणि त्याच खोलीत कपावरून उतरवलेल्या जुन्या पट्ट्या. २०१८ साली उतरवलेल्या पट्टीवर १९५४ ते १९६५ चे विजेते आहेत. १९५६ ते १९६० या ओळीने पाच वर्षी कॅनेडियन्स. तसं पुन्हा कुणालाच जमलेलं नाही.

"बाबा, झाक प्लांत शोधा," जावई म्हणाले. "गोली. पाचही वर्षांत आहे. आणि पाचही वेळा नाव वेगळ्या तऱ्हेने कोरलंय."

मी चष्मा वर केला, काचेला नाक लावलं. बारीक ठोकलेली अक्षरं. पाच कप जिंकून दिले, तीच पाच वर्षं ओळीने व्हेझिना ट्रॉफी घेतली, आणि कोरणाऱ्याला या माणसाचं नाव दोनदा सारखं लिहिता आलं नाही! माझ्या मागे माणसं तुंबली. एकाने घसा खाकरला. मी हललो नाही.

माझं नाव ज्ञानेश्वर. इंग्रजीत ते पासपोर्टवर डी-एन-वाय ने सुरू होतं, मॅट्रिकच्या दाखल्यावर जी-वाय ने आणि एका जुन्या विमा पॉलिसीवर जे-एन ने. टोरांटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझं नाव उच्चारायचा तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी "सर" म्हणून मोकळा झाला. असा माणूस काउंटरच्या आत बसला की काय करतो? मी नावं तपासायचो. निवृत्तीआधीची काही वर्षं केवायसीचं काम माझ्याकडेच होतं. आधारवर 'दत्तात्रय' आणि पासबुकावर 'दत्तात्रेय' असलेले एक म्हातारबाबा कवठ्याहून एसटीने आले होते. मी त्यांना परत पाठवलं. प्रतिज्ञापत्र आणा म्हटलं. ते आले, तर त्यावर वडिलांचं नाव चुकलं होतं. पुन्हा पाठवलं. नियम होता आणि मी तो पाळला. तिसऱ्यांदा ते आले नाहीत, त्यांचा मुलगा आला, वारसाचा फॉर्म विचारायला.

हे मी जावयांना सांगितलं नाही. त्यांना फक्त म्हटलं, "१९६३ बघा. तुमच्या संघाचं तर आडनावच चुकलंय." खरंच 'लीफ्स'मधला एफ जाऊन तिथे ई पडलाय. त्यांना हे माहीत होतं. त्यांनी पुढे आणखी सांगितलं, की १९८१ साली आयलंडर्समधला एस गळालाय, आणि १९८४ साली एडमंटनच्या मालकाने संघाशी संबंध नसलेल्या आपल्या वडिलांचं नाव घुसडलं, तेव्हा ते सोळा फुल्या ठोकून खोडलं. सोळा फुल्या! खाडाखोडीशेजारी सही हवी असते, एवढं मी बोललोच.

दालनात परत आलो तेव्हा सौ. बाकावर बसून टोपी विणत होती. जावयांनी तिला सांगितलं, की हा प्लांतही विणायचा; लहानपणापासून, स्वतःच्या लोकरीच्या टोप्या. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये चकती (या हॉकीत चेंडूऐवजी तीच असते) तोंडावर बसून चेहरा फाटला, टाके घालून परत आला तो मुखवटा लावूनच. प्रशिक्षक नको म्हणत होता. तोवर बहुतेक सगळे गोली उघड्या तोंडाने उभे राहत. सौ.ने सुया खाली ठेवल्या आणि पहिल्यांदाच विचारलं, "कुठला म्हणालात हा?"

त्यामुळे आम्ही मॉन्ट्रियलला गेलो. आगगाडीने पाच तास म्हणतात, आम्हाला सहा लागले आणि चहा म्हणून जे मिळालं त्याबद्दल न बोललेलं बरं. गावात लोक फ्रेंच बोलतात आणि आपण नाही बोललो तर मान वळवत नाहीत, लगेच इंग्रजीवर येतात. पुण्यात मराठी माणूस हिंदीवर येतो तसंच. थंडी मात्र टोरांटोपेक्षा खवट.

संघाच्या बेल सेंटरमध्ये २१ हजारांवर माणसं मावतात. सामन्याच्या तिकिटाचा भाव ऐकून बाहेरचे पुतळेच पाहिले. मोरेंझ, मॉरिस रिशार, बेलिव्हो, लाफ्लर. बेलिव्होचं नाव कपावर १७ वेळा आहे, १० वेळा खेळाडू म्हणून आणि ७ वेळा कार्यालयातला माणूस म्हणून. अंतिम फेऱ्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी १९६५ साली सुरू झाली ती त्याच्यापासूनच. १९७१ ला ती केन ड्रायडनला मिळाली, जो तोवर लीगचे जेमतेम सहा सामने खेळलेला कायद्याचा विद्यार्थी होता; आणि सर्वोत्तम नवख्याची ट्रॉफी त्याला मिळाली त्याच्या पुढच्या वर्षी. प्रोबेशन संपायच्या आधी प्रमोशन! आमच्या युनियनने संप केला असता. या संघाने थोरांच्या सन्मानार्थ जर्सीचे १५ क्रमांक कायमचे बंद केलेत, पण त्यांवर माणसं १८, कारण ५, १२ आणि १६ हे दोघादोघांत आहेत. १६ वर एल्मर लाख आणि आँरी रिशार. या आँरीने खेळाडू म्हणून ११ कप जिंकले, इतके कुणीच नाही. एका खात्यावर दोन खातेदार. चालतं तिकडे.

शेवटच्या दुपारी अॅटवॉटरला जुनं फोरम बघायला गेलो. १९२६ पासून १९९६ पर्यंत संघाचं घर. आता तिथे सिनेमागृहं आहेत, मक्याच्या लाह्यांचा वास येतो. मधोमध जमिनीवर मैदानाच्या केंद्राची खूण ठेवली आहे. ११ मार्च १९९६ ला इथला शेवटचा सामना झाला, तेव्हा म्हाताऱ्या मॉरिस रिशारसाठी लोक उठून टाळ्या वाजवत राहिले. तो हात वर करून थांबवू पाहतोय, डोळे पुसतोय आणि लोक काही थांबत नाहीत. जावयांनी ते मोबाइलवर पाठवलं होतं. आम्ही तिथेच बसून पाहिलं. वैऱ्याच्या माणसाची चित्रफीत, त्यांनी आपणहून.

मला आमचा निरोपसमारंभ आठवला. शाल, श्रीफळ आणि लाकडी ढाल. ढालीच्या पितळी पट्टीवर 'श्री. ज्ञानेशवर'. चौतीस वर्षं एकाच बँकेत, आणि 'श्व' जोडता आला नाही. घरी येऊन मी ती कपाटावर उलटी टाकली होती.

"ती ढाल कुठे आहे गं?" मी विचारलं.

"कुठली? ती मंडळाला दिली की. कॅरमच्या स्पर्धेला फिरती ढाल हवी होती त्यांना. तुमची पट्टी काढून नवी लावली."

"आणि जुनी?"

सौ.ने टोपीचे टाके मोजून पुरे केले. "शिवणाच्या डब्यात आहे. लोकर गुंडाळायला बरी पडते."

मी म्हटलं, घरी गेल्यावर ती काढून दे.