ब्रुकलँड्स बिल्ड लॉग, अपडेट ४: गुळगुळीत ट्रॅक मोडून परत केला

मंडळी, मागचा अपडेट टाकून दोन महिने होऊन गेले. संगणकावरच्या रेसिंग गेमसाठी मी जुना ब्रुकलँड्स ट्रॅक बनवतेय, आणि मधे मला खरंच वाटलं होतं की तो झाला. आउटर सर्किटचा म्हणजे बाहेरच्या मुख्य ट्रॅकचा लूप बंद झाला, दोन्ही बँकिंग (वळणांवरचे तिरके उभे उतार) उभी राहिली, टेक्सचर म्हणजे पृष्ठभागाचा रंग-पोत चढला, गाडी सोडली आणि पहिल्याच संध्याकाळी १ मिनिट ४ सेकंदांचा लॅप लागला. तिथेच शंका आली. कारण या ट्रॅकचा रेकॉर्ड आहे १ मिनिट ९.४४ सेकंद, जॉन कॉबचा, ७ ऑक्टोबर १९३५, गाडी नेपियर-रेल्टन, सरासरी ताशी १४३.४४ मैल म्हणजे जवळजवळ २३१ किलोमीटर. तो नंतर कोणालाच मोडता आला नाही आणि चार वर्षांत ट्रॅकच बंद पडला. त्याच ताकदीची गाडी घेऊन मी पाच सेकंद आधी पोचते म्हणजे चूक ट्रॅकमध्ये आहे, हे उघड होतं.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. ब्रुकलँड्स म्हणजे इंग्लंडमध्ये सरे काउंटीत वेब्रिजजवळचा ट्रॅक, खास मोटार रेसिंगसाठी बांधलेलं जगातलं पहिलं सर्किट. १९०७ ते १९३९ चाललं. मी ते असेटो कोर्सा या रेसिंग गेमसाठी करतेय, मॉडेलिंग सगळं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, आणि साल धरलंय १९३५. हे साल मुद्दाम घेतलंय, एक तर कॉबचा लॅप, आणि दुसरं म्हणजे १९३७ ला आत कॅम्पबेल सर्किट आलं तेव्हापासून नकाशा बदलतो, मला जुना नकाशाच हवा होता.

आता चूक काय झाली ते. बेस म्हणून मी इंग्लंडच्या पर्यावरण खात्याचा लायडार डेटा (विमानातून लेझरने मोजलेली जमिनीची उंची) घेतला, तो सगळ्यांना खुला आहे, झाडं वजा केलेला सरफेसही मिळतो. दोनपैकी मेंबर्स बँकिंगचा मोठा तुकडा अजून जागेवर आहे, त्यामुळे तिथे लायडारमध्ये तो वाडग्यासारखा आकार इतका स्वच्छ दिसतो की पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बराच वेळ नुसती स्क्रीनकडे बघत बसले होते. पण त्यात बारीक उंचवटे खूप होते. मला वाटलं झाडांची मुळं असतील, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं पडीक राहिलेलं काँक्रीट आहे, डेटातला कचरा आहे, म्हणून मी सगळ्यावर स्मूदिंग फिरवलं. छान सुबक ट्रॅक मिळाला, आणि तो ब्रुकलँड्स नव्हता.

डोळे उघडले ते फोटोंमुळे. कॉबच्या गाडीचा एक प्रसिद्ध फोटो आहे, बऱ्याच जणांनी पाहिला असेल, चारही चाकं जमिनीवरून सुटलेली. चोवीस लिटरचं विमानाचं इंजिन बसवलेली ती अवजड गाडी हवेत! आणि तिला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, पुढे नाहीतच. मेंबर्स बँकिंग संपतं आणि गाडी रेल्वे स्ट्रेट या सरळ भागाकडे उतरायला लागते, तिथे खालून वे नावाची नदी जाते आणि ट्रॅक तिच्यावरून पुलाने जातो, त्या जागेचा हा बंप. माझ्या ट्रॅकवर त्याच जागी गाडी इतकी शांत जात होती की मी एका हाताने स्टिअरिंग धरू शकले असते.

मग मी मॉडेलिंग थांबवून तीन आठवडे नुसतं वाचत बसले, ट्रॅक बांधला कसा हेच. ते वाचलं आणि बंप कुठून आले ते कळलं. ह्यू लॉक किंग नावाचा जमीनदार, १९०५ साली इटलीत रेस बघायला गेला आणि तिथे ब्रिटिश गाड्याच नाहीत हे त्याला टोचलं. ब्रिटनमध्ये तेव्हा रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा, मग कंपन्यांनी वेगाची टेस्ट करायची कुठे? त्याने स्वतःच्या इस्टेटीवर ट्रॅक बांधायला काढला. १९०६ च्या शेवटी शेवटी काम सुरू, १७ जून १९०७ ला उद्घाटन. विचार करा, पावणेतीन मैलांचा लूप, शंभर फूट रुंद, बँकिंग जवळजवळ तीस फूट उंच, नदीवर पूल, आणि हे सगळं वर्षाच्या आत. खर्च सुमारे दीड लाख पौंड, त्या काळातले. लॉक किंग यात कर्जात रुतला, पत्नी एथेल आणि तिच्या माहेरच्यांनी सावरलं म्हणून निभावलं. माझ्या मते या ट्रॅकच्या गोष्टीत एथेलचं नाव ह्यूच्या बरोबरीने घेतलं पाहिजे, उद्घाटनाच्या मिरवणुकीत पुढची गाडीसुद्धा तीच चालवत होती.

तर मुद्दा सरफेसचा. एवढ्या तिरक्या उतारावर डांबरी खडीचा रस्ता करणं अवघड, आणि अस्फाल्ट महाग, म्हणून साधं काँक्रीट ओतलं, वर कसलाही थर नाही. त्याखालची जमीन आणि मातीचा भराव नंतर दबत गेला, सगळीकडे सारखा नाही, कुठे जास्त कुठे कमी. म्हणजे बंप हा काही एका जागेचा दोष नाही, तो पूर्ण ट्रॅकचा स्वभाव आहे. दर हिवाळ्यात डागडुजी, म्हणून जुन्या फोटोंत ठिगळं ठिगळं दिसतात. माझं टेक्सचर एकसारखं करडं होतं, तेही गेलं.

बँकिंगचा आकारही परत केला. माझी पहिली आवृत्ती म्हणजे सरळ फळी तिरकी ठेवल्यासारखी होती, खरं क्रॉस-सेक्शन वक्र आहे, खाली जवळजवळ सपाट आणि वर जाईल तसं उभं होत जाणारं. हळू गाडी खालून, वेगवान गाडी वरून, प्रत्येकाची उंची त्याच्या वेगाने ठरते. डिझाइन कर्नल होल्डनचं, गणित ताशी १२० मैल धरून केलेलं. ट्रॅकच्या मधोमध एक काळी तुटक रेघ होती, फिफ्टी फूट लाइन म्हणायचे तिला, आणि कागदावर तरी असं की त्या रेघेवर गाडी ठेवली तर वळणात स्टिअरिंगला हात लावायची गरज नाही. मी ते करून पाहिलं. नवीन प्रोफाइलवर ताशी ११५ ला हात सोडले, गाडी बँकिंगवर स्वतःहून वळत राहिली, पुढच्या बंपपर्यंत. अंगावर काटा आला.

पण कॉब १२० च्या कितीतरी वर होता, म्हणजे तो अगदी वरच्या कडेशी, पलीकडे खाली झाडं, आणि गाडी बंपवरून उड्या मारतेय. पर्सी लँबर्ट नावाचा चालक तर याच ट्रॅकवर गेला. १५ फेब्रुवारी १९१३ ला टॅलबॉटमधून त्याने एका तासात शंभरच्या वर मैल काढले, जगात पहिल्यांदा. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला रेकॉर्ड परत मिळवायला निघाला, टायर फुटला आणि तो गेला. आणि के पेट्री ही चालक, उंची पाच फुटांपेक्षा कमी, पेडलवर ठोकळे लावून साडेदहा लिटर इंजिनाची डेलाज गाडी चालवायची, १९३५ च्या ऑगस्टमध्ये तिचा लॅप ताशी १३४.७५ मैलांचा. काही दिवसांत ग्वेंडा हॉक्सने १३५.९५ केला. बंपसकट ट्रॅकवर मी अजून १३० च्या वर सलग दोन लॅप टिकलेले नाहीत, त्यामुळे हे आकडे आता मला नुसते आकडे वाटत नाहीत.

टेक्निकल भाग विचारणाऱ्यांसाठी: डोळ्यांना दिसणारा मेश (आकाराची जाळी) आणि गाडीची चाकं ज्यावर चालतात तो फिजिक्सचा मेश वेगळे ठेवलेत. फिजिक्सचा खूप दाट केलाय, नाहीतर बंपच्या जागी पायऱ्या लागतात आणि गाडी नुसती खडखडते, उडत नाही. जिथे काँक्रीट शिल्लक आहे तिथे लायडारचे उंचवटे स्मूद न करता ठेवले, फक्त खरोखर मुळांनी फुटलेला भाग हाताने काढला. जिथे ट्रॅकच उरला नाही तिथे शेजारच्या तुकड्याचा स्वभाव पुढे नेला. नदीवरचा पूल वेगळा ऑब्जेक्ट, आणि पूल व भराव जिथे भेटतात तिथली लेव्हल मोडली, फोटोत चाकाखाली किती हवा दिसते ते बघत बघत, अकरा वेळा. बाराव्या वेळी गाडी फोटोसारखी सुटली आणि फोटोसारखीच खाली आली.

आवाजाचं काम अर्धवट आहे. १९०७ च्या जूनमध्ये एस. एफ. एज या चालकाने चोवीस तास सलग गाडी पळवून १५८१ मैल काढले, मग आजूबाजूच्या रहिवाशांच्या तक्रारींमुळे रात्रीचं रेसिंग कायमचं बंद झालं. म्हणून १९२९ मध्ये डबल ट्वेल्व्ह नावाची रेस आली, बारा तास आज, बारा तास उद्या, रात्री गाड्या कुलपात. पुढे सायलेन्सरही सक्तीचा झाला, तेव्हा १९३५ च्या ट्रॅकवर उघड्या एक्झॉस्टचा आवाज चुकीचा ठरेल, सगळे साउंड परत करावे लागणार.

एक गोष्ट सारखी डोक्यात घोळतेय. कॉबच्या लॅपनंतर बरोबर तीस दिवसांनी, ६ नोव्हेंबर १९३५ ला, याच ब्रुकलँड्सवरून हरिकेन या लढाऊ विमानाचा पहिला नमुना उडाला. ट्रॅकच्या आत विमानतळ होताच, कडेला कारखाने होते. ७ ऑगस्ट १९३९ ला शेवटची रेस झाली, महिन्याभरात युद्ध, आणि सगळी जागा विमानांना गेली. ४ सप्टेंबर १९४० ला विकर्स या विमान कंपनीच्या कारखान्यावर बॉम्ब पडले, ऐंशीहून जास्त कामगार मेले. १९४६ ला जागाच विकर्सला विकली, नंतर धावपट्टीसाठी बँकिंगचा एक भाग कापला. काँक्रीट इतकं खराब झालं होतं की रेसिंग तसंही फार टिकलं नसतं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, तीस वर्षं दर हिवाळ्यात दुरुस्त करून चालवलाच होता की.

सध्याचा माझा लॅप १ मिनिट १२.३. यावर मी खूश आहे. पुढचं काम फोर्कजवळच्या (जिथे ट्रॅकला फाटा फुटतो) विकर्सच्या शेड्स, त्यांच्यामुळे तिथे ट्रॅक अंगावर आल्यासारखा वाटायला हवा आणि आत्ता तिथे नुसतं मोकळं रान आहे. काँक्रीटच्या ठिगळांसाठी डेकल (वरून चिकटवलेली छोटी चित्रं) वापरावेत की सरळ टेक्सचरमध्येच रंगवावं, कोणी केलं असेल तर सांगा, डेकल लांबून बघितले की माझ्याकडे लुकलुकतायत.