केबिनचा कोपरा चार महिने भिजत ठेवला, आता आराखडा क्र. ३

मागच्या नोंदीत माझ्या लाकडी केबिनचा आराखडा क्र. २ पक्का झाला म्हणून मोठ्या थाटात सांगितलं होतं. तो रद्द. कागदावर काही चुकलेलं नव्हतं, पण नमुन्यादाखल उभा केलेला कोपरा परवा खोलून बघितला आणि माझा थाट उतरला.

कोपरा म्हणजे एक ओकचा खांब, त्याला दोन्ही बाजूंनी साठ-साठ सेंटिमीटर लार्चच्या (हे एक सूचिपर्णी झाड) फळ्यांची भिंत आणि वर छपराचा तुकडा. सगळं खऱ्या मापाचं, आराखड्यात होते तेच सांधे आणि तेच स्क्रू. चार महिने पावसापाण्यात, उन्हात उघड्यावर ठेवला. कार्डबोर्डचं मॉडेल टॉर्च फिरवून सावल्या छान दाखवतं, पण पाणी कुठे मुरतं ते काही सांगत नाही.

पहिला दणका खांबाच्या पायाशी बसला. खांब सपाट दगडावर थेट टेकवला होता. दगडावर टेकलाय, मातीत नाही, मग काळजी कसली, असा माझा हिशोब. ओलावा मोजायचं मीटर टोचलं तर तळाशी २७ टक्के आणि हातभर वर १६. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. आडवं कापलेलं टोक पाण्यात टेकलं की त्या नळ्या पाणी वर ओढतात, बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असला की वाढता येत नाही, म्हणजे माझा खांब तिला आवताण देऊन बसला होता. ती आलीच होती असं नाही, पण खांबाच्या एका कडेला सालीलगतच्या पांढरट लाकडाची बोटभर पट्टी राहिली होती आणि नेमकी तेवढीच काळपट पडली होती. गाभ्याचा भाग स्वच्छ. ओक टिकतो म्हणतात तो गाभ्याचा. सालीलगतचं लाकूड कुठल्याच झाडाचं टिकत नाही. हे मला माहीत होतं, तरी रुंदी वाया जाऊ नये म्हणून ती पट्टी ठेवली होती. कंजूषपणा, दुसरं काय.

दुसरं, स्क्रू. साधे लोखंडी वापरले होते. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ते, लोखंड आणि ओल एकत्र आले की शाई तयार होते, खरोखरची, जुन्या काळी लिहायला वापरायचे तीच. प्रत्येक स्क्रूखाली काजळ ओघळल्यासारखी रेघ. आता सगळे स्टेनलेस.

तिसरी चूक मात्र मला मनापासून आवडली, कारण ती मोजता आली. १५० मिमी रुंदीची फळी मी दोन्ही कडांना स्क्रूने आवळली होती. तीन फळ्या मधोमध उभ्या तडकल्या. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत मात्र आटतं, आणि खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने तर त्रिज्येच्या साधारण दुप्पट. ओलावा १८ वरून १२ टक्क्यांवर आला की अशी फळी सुमारे अडीच मिमी अरुंद होते. अशा सोळा फळ्यांची भिंत धरली तर हिशोब ४० मिमीवर जातो. तेवढं सरकायला जागा दिली नाही तर फळी स्वतःच जागा करून घेते. नव्या आराखड्यात फळीला एकाच बाजूला स्क्रू. दुसरी कड शेजारच्या फळीखाली सुटी दबलेली, सरकायला मोकळी. मागे २५ मिमीच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे हवा खालून शिरून वर निघेल आणि भिंत पाठीमागूनही वाळेल.

पागोळ्यांचंही तेच. वळचण २० सेंमीची होती. पाणी तिच्या खालच्या बाजूने उलटं चालत भिंतीपर्यंत आलं होतं, त्याची वाट लाकडावर स्पष्ट उमटलीय. आता वळचण ५० सेंमी, आणि तिच्या खालून कडेशी समांतर एक खाच, थेंब तिथेच तुटून खाली पडावा म्हणून.

पर्यावरणाचा हिशोब इथेच येतो, म्हणून लिहितो. एक किलो कोरड्या लाकडात साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन अडकलेला असतो. माझ्या केबिनला सुमारे अडीच घनमीटर लाकूड, म्हणजे ढोबळमानाने दोन टन कार्बन डायऑक्साइड. पण पंधरा वर्षांत कुजलं तर तो सगळा परत हवेत. मग 'शाश्वत' हा शब्द कशाला वापरायचा?

पायाला काँक्रीट नाहीच. सहा स्क्रू-पाइल (जमिनीत स्क्रूसारखे फिरवून बसवायचे पोलादी खांब), त्यावर पोलादी बूट, खांबाचं टोक बुटात अधांतरी. जागेवर सळई ठोकून बघताना एका पाइलच्या ठिकाणी मनगटाएवढं मूळ लागलं. झाडाच्या मुळांचा बराच पसारा वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरात असतो, तेव्हा झाडाला काय सांगणार? अख्खी केबिन ४० सेंमी सरकवली.

त्या सरकण्याने खिडकी बिघडली. आराखडा २ मध्ये एक अख्खी भिंत काचेची होती, निसर्गाशी नातं वगैरे. ती आता गेली. साधी दुहेरी काच चौरस मीटरमागे, १०० मिमी लाकूड-तंतू भरलेल्या भिंतीच्या आठपट उष्णता बाहेर सोडते, शिवाय पक्षी धडकतात. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएचं फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं १९५२ सालचं कबानों, म्हणजे स्वतःसाठी बांधलेली छोटी केबिन, आठवा: आतून ३.६६ मीटरचा चौरस, उंची २.२६, खिडक्या लहान, पण झडपांना आतून आरसे, बाहेरचं दृश्य खोलीत ओढून घेणारे. (स्वयंपाकघर नव्हतं, शेजारच्या खाणावळीला दार होतं. तेवढं धाडस माझ्यात नाही.)

मग दोन काठ्यांना सुतळी बांधून खिडकीची चौकट केली आणि स्टुलावर बसून बघितलं. कागदावर सुबक दिसणारी मधली आडवी पट्टी बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर, समोरच्या बर्चच्या झाडाचे दोन तुकडे करणारी. सुतळी खाली-वर करत अर्धा दिवस गेला. शेवटी खालची कड जमिनीपासून ४५ सेंमीवर, पट्टी रद्द, काच एकच, ९० बाय १२०. आडवं पडल्यावर बुंधा दिसतो, बसल्यावर फांद्या. आकाश मात्र दिसत नाही, त्यावर अजून विचार चालू आहे.

केबिनचं आतलं माप आता ३ बाय ४ मीटर. पोटमाळा कापला, तक्रार नाही.

नवा कोपरा शनिवारी उभा केला. काल रात्री पाऊस झाला. सकाळी बघितलं तर पागोळ्यांची ओळ मातीत भिंतीपासून चांगली हातभर लांब उमटली होती, आणि खांबाचा तळ १५ टक्के. स्क्रूखाली अजून तरी काळं काही नाही.