चौकट कालची, सूचना आजच्या

मी सोलापुरात एका सार्वजनिक वाचनालयात सहायक आहे. ब वर्गाचं वाचनालय, एवढं सांगितलं की ज्यांना अनुदान वगैरे कळतं त्यांना माझ्या पगाराचा अंदाज येईल, बाकीच्यांनी सोडून द्या. लोकांना वाटतं हिला काय, दिवसभर पुस्तकं वाचायला मिळतात, मज्जाय. अहो कसलं काय. सकाळी आठला कुलूप काढायचं, आजचे पेपर टेबलावर लावायचे, कालचे मागच्या रॅकमध्ये टाकायचे, आणि सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे शब्दकोड्याचं पान सांभाळायचं.

आमच्याकडं कोडं हा भांडणाचा विषय आहे. पूर्वी जो पहिला येईल तो सरळ पेनानं भरून मोकळा व्हायचा, मग दुसरा आला की 'कुणी भरलं बे हे, आणि तेही चुकीचं'. एकदा तर कुणीतरी ब्लेडनं अख्खी चौकटच कापून नेली, पानाच्या मागच्या बाजूला निधनवार्ता होती, त्यांच्या घरचे लोक ती बघायला आले तर तिथं खिडकी. तेव्हापासून मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून रोज चार-पाच कॉप्या काढून आणते, पैसे ज्याचे त्यानं द्यायचे, आणि टेबलावरच्या पेपरला पेन लावलं तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी कॉपी नाही. 'शांतता राखा'ची पाटी कुणी मानत नाही, हा नियम मात्र सगळे मानतात.

मंडळी ठरलेली. एक रिटायर्ड गुरुजी, ते पेनानंच भरतात, खाडाखोड झाली तर झाली. एक रेल्वेतले गार्डकाका, त्यांच्याकडं पेन्सिल आणि खोडरबर दोन्ही, आणि शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाहीत. आणि तिसरे अण्णा. अण्णांची गंमत आहे. घरी तेलुगू, शाळा तेलुगू माध्यमाची, आयुष्य गेलं चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढण्यात, मराठी शिकले ते कारखान्यात आणि या कोड्यातून. पण तिघांत भारी तेच. ते काहीच लिहीत नाहीत, नुसतं बघत बसतात, चहा पितात, आणि मग एकदम सगळं भरतात. गुरुजींना हे अजून पचलेलं नाही.

ज्यांनी कधी सोडवलं नसेल त्यांना सांगते, रोज कोडं सोडवणाऱ्याची वेगळीच मराठी तयार होते. 'आवाज, दोन अक्षरी' म्हटलं की रव. पर्वत म्हटलं की नग. हात म्हटलं की कर. हे शब्द घरात कुणी बोलत नाही, 'जरा कर पुढं करा' असं कोण म्हणतंय, पण कोड्यात रोज भेटतात म्हणून ओळखीचे. आणि वैताग म्हणाल तर तोही ठरलेला. सगळं भरून होतं आणि एका कोपऱ्यातलं एकच घर राहतं, ते दिवसभर डोक्यात किरकिर करतं, भाजी घेताना, बसमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी बारीक टायपात उत्तर बघितलं की इतकं सोपं असतं की स्वतःचाच राग येतो. गार्डकाका म्हणतात, रात्री अडीचला उठून शब्द आठवलाय मला, बायको म्हणाली ड्युटी संपून किती वर्षं झाली हो तुमची.

तर तो दिवस. एप्रिल संपत आलेला, सकाळी नऊलाच बाहेर डोळे उघडवत नव्हते, आणि त्यात आमच्या भागात पाण्याचा दिवस. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहितीय, त्यामुळं पाण्याच्या दिवशी निम्मी मंडळी घागरी भरून उशिरा येतात. अण्णा आलेले नव्हते. गुरुजी आणि काकांना मी कॉप्या दिल्या आणि माझ्या रजिस्टरला लागले.

थोड्या वेळानं बघते तर गुरुजी कपाळाला हात लावून बसलेले. "काय झालं गुरुजी?" तर म्हणाले, "आज काही बसेना झालंय." एक आडवा, 'गावाकडे नवरा, कामकाज पाहणारा', कंसात चार अक्षरं. कारभारी, सरळ आहे. पण चौकटीत घरं तीन. आता आमच्या त्या पेपरात कंसातला आकडा अधूनमधून चुकतोच, त्यामुळं त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही, गुरुजी आपले तीन अक्षरी नवरा शोधत बसलेले. भ्रतार लिहून बघितलं, खोडलं. काकांचं दुसरंच, त्यांना पाच आडव्याची सूचना होती पण चौकटीत पाच नंबरापासून आडवं जायला जागाच नाही, पुढचं घर काळं. तरी दोघं एकमेकांना काही बोलत नव्हते. मला याची फार गंमत वाटली, म्हणजे दोन अनुभवी माणसं, प्रत्येकाला वाटतंय आज आपलंच डोकं चालेना, आणि दुसऱ्याला कळू नये म्हणून झेरॉक्सवर हात आडवा धरून बसलेत! छापलेल्या चौकटीवर माणसाचा इतका विश्वास असतो. स्वतःवर शंका घेतील, चौकटीवर नाही.

शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. त्यातलं एक जरा आगाऊ आहे, ते म्हणालं, "काका कशाला टाइमपास करूलालाव, झोपा की घरी जाऊन." मी त्याला गप्प केलं. हे मत काय आजचं नाही, न्यूयॉर्क टाइम्सनं १९२४ मध्ये शब्दकोड्यांना वेळेची नासाडी म्हणून झोडपलं होतं आणि १९४२ मध्ये स्वतःच छापायला सुरुवात केली. पोरगं पण तयारीचं, लगेच म्हणालं, "पहिलं क्रॉसवर्ड २१ डिसेंबर १९१३, आर्थर विन, न्यूयॉर्क वर्ल्ड." वर हेही सांगितलं की ते चौकोनी नव्हतं, शंकरपाळ्यासारखं होतं आणि नाव होतं वर्ड-क्रॉस, पुढं छापताना शब्दांची अदलाबदल झाली आणि तेच नाव चिकटलं. गुरुजी म्हणाले, म्हणजे छापणारे तेव्हापासूनच असे.

साडेनऊला अण्णा आले, शर्टाची बाही ओली. कॉपी घेतली, एक मिनिट बघितलं, उठले, मागच्या रॅकमधून कालचा पेपर काढला आणि आजचा त्याच्यावर ठेवून दोन्ही पानं खिडकीच्या उजेडाला धरली. काळ्या घरावर काळं घर, बरोब्बर. एकही इकडंतिकडं नाही.

"ताई, चौकट कालची छापलीय. सूचना आजच्या."

एवढंच बोलले. गुरुजींच्या आणि काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला ना, लॉटरी लागल्यावर येत नाही. आपण मूर्ख नाही! मग लगेच दोघांनाही आठवलं की आपल्याला आधीपासूनच शंका होती. मग राग. काकांनी माझ्या फोनवरून पेपरच्या ऑफिसला फोन लावला, तिकडून कुणीतरी 'हो का, बघतो' म्हणून ठेवून दिला.

माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. पण अण्णा म्हणाले, "चौकटीचा कागद आहे का?" मी झेरॉक्सवाल्याकडून ग्राफचा कागद आणला. आणि मग जे झालं ते मी इतकी वर्षं या टेबलावर कधी बघितलं नव्हतं. माणसानं कोडं सोडवायचं सोडून चौकटच तयार करायला घेतली.

हे त्यांना का सुचलं ते नंतर त्यांनीच सांगितलं. जकार्डच्या मागावर चादर विणायची तर डिझाइन आधी ग्राफवर निघतं, उभी रांग म्हणजे ताण्याचा दोरा, आडवी ओळ म्हणजे बाणा, भरलेलं घर म्हणजे तिथं दोरा वर उचलायचा. एका आडव्या ओळीचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, जिथं दोरा उचलायचा तिथं भोक. एक घर चुकलं की विणीत तोच डाग परत परत येतो. तर ज्या माणसानं हे केलंय त्याला नऊ बाय नऊची चौकट म्हणजे काय.

त्यांनी पेन्सिलनं नऊ घरं आखली आणि सूचनांचे नुसते नंबर वाचले. आडव्यात एक, तीन, पाच. उभ्यात एक, दोन, तीन, चार. "एक दोन्हीकडं आहे, म्हणजे डावा वरचा कोपरा. तीन पण दोन्हीकडं. एक आडवा चार अक्षरी, तीन आडवा चार अक्षरी. चार आणि चार आठ, मधे एक काळं, नऊ. पहिली ओळ झाली." काका टेबलावर हात आपटून म्हणाले, "आयला!" मी पाटीकडं बोट दाखवलं, कुणी बघितलं नाही.

दोन नंबर फक्त उभ्यात, म्हणजे तो एक आडव्याच्याच पोटातून खाली जाणार. सूचना होती 'पिठल्याची जोडीदार', तीन अक्षरी. भाकरी. सोलापुरात हे कोडं नाहीच. कारभारीमधलं भा तिसरं, म्हणजे तिसऱ्या घरातून खाली भा, क, री. आणि एक उभा 'पायात रुतते, आरशाला लागते', काच, दोनच अक्षरं, म्हणजे तिसऱ्या ओळीतलं पहिलं घर काळं. मग पाच आडवा, जे काकांना कुठंच बसत नव्हतं. 'विद्यार्थ्यांना घाम फोडणारी', तीन.

आगाऊ पोरगं आता खुर्ची सरकवून इकडंच आलं होतं. ते ओरडलं, "परिक्षा!"

अण्णांनी विचारलं, "पहिली वेलांटी का दुसरी?" ते नेहमी विचारतात, त्यांना कानावर भरवसा नाही म्हणून.

"पहिली."

"मग बसत नाही. भाकरीला दुसरी आहे."

गुरुजी तर या क्षणाचीच वाट बघत होते. "परीक्षेलाही दुसरीच असते बाळा. रोज परीक्षा देतोस आणि वेलांटी माहीत नाही?" पोरगं लाल झालं पण उठून गेलं नाही हे त्याचं कौतुक. मराठी कोड्याची खरी मजा आणि खरा त्रास इथंच आहे बघा, इंग्रजीत एका घरात एक लेटर, आपल्याकडं क्षा सगळाच्या सगळा एका घरात, काना वेलांटीसकट, त्यामुळं आडवा आणि उभा नुसते अक्षरानं जुळून चालत नाही, वेलांटीनंही जुळावे लागतात. शब्दाच्या शेवटी आपल्याकडं बहुतेक दुसरीच येते, म्हणजे भाकरीचा शेवट जिथं पडणार तिथून जाणाऱ्या शब्दातही दुसरीच हवी. आमच्या पेपरचा कोडं करणारा यात बऱ्याचदा सरळ ढापतो, नदीमधली दी दिवसला चिकटवून टाकतो. त्या दिवशीचं मात्र व्यवस्थित होतं, उगाच शिव्या कशाला द्या.

वरच्या चार ओळी जमल्यावर अण्णांनी कागद उलटा फिरवला, डोकं खाली पाय वर, आणि काळी घरं तशीच्या तशी खाली उतरवली. म्हणे या पेपरची चौकट नेहमी अशीच असते, उलटी धरली तरी तीच दिसते. इंग्रजी कोड्यांचा तो शिरस्ता आहे हे मला माहीत होतं, पण आपल्याच पेपरात रोज छापून येणारी ही गोष्ट आम्हा तिघांपैकी कुणी कधी बघितलीच नव्हती, आम्ही शब्द बघत होतो. अण्णा म्हणाले, "चादरीचा पण अर्धाच काढतात, उरलेला फिरवायचा. सगळा कोण काढत बसतो."

साडेअकराला मला बंद करायचं असतं. मी बारा वाजवले. मधे कानडी बोलणाऱ्या एक आजी मासिक बदलायला आल्या, त्यांनीही उभ्या उभ्या एक दागिना सांगितला, तो बसला. पंख्याखाली पाच डोकी एका कागदावर, पोरगं चहा घेऊन आलं सगळ्यांना, स्वतःच्या पैशानं. शेवटी एकच जागा अडली. 'घर', तीन अक्षरी, आणि शेवटचा न तेवढा उभ्या शब्दातून आलेला, पहिली दोन घरं मोकळी, त्यांना कुठूनच आधार नाही. काका म्हणाले भवन. लिहिलं भवन. झालं.

दुसऱ्या दिवशी पेपरात एका कोपऱ्यात 'तांत्रिक कारणामुळे' वगैरे दोन ओळी होत्या आणि आदल्या दिवशीची खरी चौकट उत्तरासकट. आठ वाजायच्या आधीच चौघं पायरीवर. अण्णांचा ग्राफ शेजारी ठेवला, काळी घरं सगळीच्या सगळी जुळली, एकही चूक नाही. शब्दही सगळे. फक्त भवनच्या जागी सदन.

झालं ना मग. काका उसळले, "दिल्लीला रेल भवन आहे, रेल सदन ऐकलंय का कधी कुणी?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "आणि महाराष्ट्र सदन कुठं आहे?" पोरगं म्हणतंय दोन्ही बरोबर, त्याचं कोण ऐकतंय. अण्णांचं म्हणणं शब्द कुठलाही घ्या, चौकट बरोबर आहे ना. काकांना ते पटेना, त्यांनी परत माझा फोन घेतला आणि पेपरच्या ऑफिसला लावला, म्हणाले, कालच्या कोड्यात भवनही चालतं, हे उद्या छापा.

पलीकडचा माणूस म्हणाला, "काका, आजची चौकट बरोबर आलीय का, तेवढं आधी सांगा."